कुंडलचा नकाशा आणि बी.एड.चं टाचण

इतिहास पद्धती, म्हणजे शिकवायचा विषय म्हणून इतिहास, घेऊन बी.एड.ला आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात विचारते, भूगोल शेवटचा कधी वाचलात? बहुतेकांचं उत्तर येतं, ‘दहावीत’. भूगोलवाल्यांना इतिहासाचं विचारलं तरी हेच ऐकायला मिळतं. राज्यशास्त्राचं नाव काढलं की दोन्हीकडचे एकमेकांची तोंडं बघतात. आणि हीच मुलं दोन वर्षांनी कुठल्या तरी हायस्कुलात रुजू झाली की मुख्याध्यापक नववी-दहावीचं वेळापत्रक त्यांच्यापुढे सरकवणार आणि म्हणणार, ‘सामाजिक शास्त्रं तुमच्याकडे.’ म्हणजे तिन्ही. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे ४० गुण, भूगोलाचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. गुण गणिताइतकेच. पण जानेवारीत गणिताचा जादा तास घ्यायचा झाला तर तो इतिहासाच्या तासातून काढला जातो, हे शाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मी सांगलीत शिक्षकांना शिकवते. माझ्यापुढे बसणारे जत, कवठेमहांकाळ, पलूस, शिराळा या भागातले, काही कराड-फलटणकडचे. कुणी बी.ए. होऊन चार वर्षं शेती केलेली, कुणी लेकराला सासूजवळ ठेवून सकाळची एसटी गाठणारी. वर्गात ही माणसं फार काही बोलत नाहीत, पण त्यांना जग माहीत असतं. दुष्काळी कामांपासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत, जमिनीच्या वाटणीपासून पुरात वाहून गेलेल्या गोठ्यापर्यंत सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. सामाजिक शास्त्रांचा मालच तो. पण हातात टाचणवही, म्हणजे पाठाचा आराखडा लिहायची वही, आली की हा सगळा माल दाराबाहेर राहतो आणि आत फक्त पाठ्यपुस्तकाचं पान येतं. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, की शिक्षक होऊ घातलेल्या माणसाने वर्गासमोर उभं राहण्याआधी आपल्या विषयातली एक तरी गोष्ट स्वतः शोधून काढलेली असली पाहिजे. शिकवण्याची तंत्रं त्यानंतर येतील, आणि आली की टिकतील.

तंत्रांना मी कमी लेखत नाही. सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आलं आणि आपल्याकडे बी.एड.मध्ये पक्कं रुजलं. पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ, समोर आपलेच सहकारी, आणि एका वेळी एकाच कौशल्याचा सराव: प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, फलकलेखन, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलून लक्ष खिळवणं). शिराळ्याकडची एक मुलगी पहिल्या पाठाला इतकी हळू बोलत होती की दुसऱ्या बाकावर ऐकू येत नव्हतं. सेतुपाठापर्यंत, म्हणजे ही सुटी कौशल्यं एकत्र जोडणाऱ्या पाठापर्यंत, ती फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत निर्धास्त फिरायला लागली. हे तंत्राचंच देणं. पण मोट कितीही भक्कम बांधली तरी विहिरीत पाणी असावं लागतं.

सरावपाठात काय होतं ते सांगते. आठवीचा वर्ग, घटक स्वातंत्र्यलढा. छात्राध्यापिका, म्हणजे बी.एड.ची शिकाऊ शिक्षिका, प्रस्तावनेचे प्रश्न विचारते. भारत कधी स्वतंत्र झाला? १९४७. त्याआधी राज्य कोणाचं होतं? इंग्रजांचं. आपल्या भागात त्यांच्याविरुद्ध कोण लढलं? क्रांतिसिंह नाना पाटील. छान, मग आज आपण प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांना डावलून गावोगाव चालवलेल्या समांतर सरकारची, माहिती घेऊ या. हेतुकथन झालं, शीर्षक फळ्यावर आलं, ‘ज्ञान’, ‘आकलन’, ‘उपयोजन’ अशी उद्दिष्टं टाचणात नेटकी लिहिलेली. निरीक्षक शेरा देतात, ‘प्रश्नकौशल्य चांगले.’ पण या पाठात एकही प्रश्न असा नव्हता की ज्याचं उत्तर विचारणारीला आधी माहीत नव्हतं. मुलांना हे बरोबर कळतं. बाईंच्या मनातलं उत्तर ओळखण्याचा खेळ चालला आहे, हे समजलं की ती तो खेळ खेळतात, आणि इतिहास म्हणजे असा खेळ असं त्यांच्या डोक्यात कायमचं बसतं.

त्या पाठाच्या वेळी मी मागच्या बाकावर होते. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, प्रतिसरकारचं ठाणं कुंडल तर सांगली जिल्ह्यात आहे. मग सगळे साताऱ्याचं प्रतिसरकार का म्हणतात?” तिने वेळ मारून नेली, पुढच्या तासाला बघू म्हणाली. घंटा झाल्यावर टाचणवहीवर सही घ्यायला माझ्याकडे आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मी तिला म्हटलं, सही राहू दे, तू या प्रश्नाचं उत्तर शोधून आण. आज पूर्ण पाठात जो एकच खरा प्रश्न आला तो त्या मुलाने विचारला.

पुढचं तिने केलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

पहिला धागा लवकर सापडला. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६ मध्ये, सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. इथवर आली तेव्हा तिला वाटलं काम झालं. पण जुना नकाशा काढून बसल्यावर तिला दुसरंच काही दिसलं. कुंडल इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातसुद्धा नव्हतं. ते औंध संस्थानात होतं.

औंध संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हता. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. ७२ गावांचं राज्य इंग्रजी मुलखात आणि इतर संस्थानांत विखुरलेलं. सांगली, मिरज, जत यांचेही असेच तुकडे. तिने ट्रेसिंग पेपरवर हे सगळे रंगवले. कुंडलच्या भोवती वेगळ्या रंगाची रेघ ओढून झाली, आणि ती माझ्या खोलीत धावत आली. “मॅडम, ते तिथंच का जमायचे ते कळलं.” कुंडलच्या शिवारातून थोडं चाललं की हद्द बदलत होती. इंग्रजी मुलखात कारवाई करून संस्थानी हद्दीत शिरलं की पोलिसांच्या वाटेत आणखी एक सरकार, आणखी एक कारभार आडवा येई. शिवाय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच गांधीजींचा सल्ला घेऊन आपला अधिकार प्रजेकडे सोपवणारा कायदा केला होता. गावपंचायती कारभार बघत होत्या. त्या कामात मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर राबत होता. म्हणजे प्रतिसरकारने गावोगाव न्यायमंडळं उभी केली, त्याआधी या पट्ट्यातल्या काही गावांनी आपला कारभार आपण करण्याची चव घेतली होती.

एका मुलाच्या साध्या प्रश्नातून हे सगळं निघालं. आणि बघा, यात इतिहास कुठे संपला, भूगोल कुठे सुरू झाला आणि राज्यशास्त्र कुठून आलं, हे वेगळं काढता येत नाही. पद्धती दोन, पुस्तकं दोन, तास वेगळे, ही सगळी आपल्या सोयीची व्यवस्था. कुंडलच्या माळावर ते वेगळे नव्हते. नकाशा काढल्याशिवाय त्या मुलीला इतिहास कळला नसता, आणि इतिहासाची गरज पडली नसती तर तिने नकाशाला हात लावला नसता.

पुढच्या तासाला ती तो नकाशा घेऊन गेली. प्रस्तावना वगैरे काही नाही, नकाशा फळ्यावर लावला आणि म्हणाली, यात आपलं गाव शोधा आणि १९४३ मध्ये ते कोणाच्या राज्यात होतं ते सांगा. वर्ग फळ्यापाशी गोळा झाला. कुणाचं गाव इंग्रजांकडे, कुणाच्या मामाचं गाव सांगली संस्थानात. तो गलका निरीक्षण नोंदीत ‘वर्गनियंत्रण’ या रकान्यात कुठे बसवायचा, ते मी ठरवलं आणि पूर्ण गुण दिले.

मग खरी अवघड वेळ आली. मागून कुणी तरी विचारलं, प्रतिसरकार लोकांना शिक्षा करायचं ना? मग ते सरकार होतं की टोळी?

आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी या प्रतिसरकारच्या पुढाऱ्यांच्या नावाने इथे शाळा आहेत, चौक आहेत, घरात फोटो आहेत. शेणोलीजवळ रेल्वे अडवून खजिना काढून घेतला, त्याच्या गोष्टी म्हातारी माणसं अभिमानाने सांगायची. प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सावकारांना वठणीवर आणलं, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, कमी खर्चात गांधी पद्धतीने लग्नं लावली, हे खरं. खबऱ्यांना आणि गावगुंडांना कडक शारीरिक शिक्षा दिल्या, हेही खरं. आणि ज्यांना शिक्षा झाली त्यांचीही घरं त्याच गावांत आहेत, त्यांचे पणतू त्याच बाकांवर बसतात. त्या छात्राध्यापिकेची आजी वाळव्याकडची. आजीने तिला सांगितलं होतं की बांधाचा वर्षानुवर्षांचा तंटा एका रात्रीत मिटला. वर्गातल्या एका मुलाच्या घरात मात्र वेगळीच आठवण होती, आणि तो गप्प बसला होता.

अशा वेळी शिक्षकाने काय करावं, हे टाचणात लिहून देता येत नाही. पण तयारी करून घेता येते. आम्ही दोघींनी तासाच्या आदल्या संध्याकाळी बसून ठरवलं होतं, की असा प्रश्न आला तर निकाल द्यायचा नाही आणि विषयही बदलायचा नाही. सरकार म्हणजे काय, ते मुलांनीच तपासून बघायचं. तंटा झाला तर लोक कोणाकडे जात होते? पैसा किंवा धान्य कोणाला देत होते, आणि स्वखुशीने की भीतीने? शिक्षा कोण करत होतं? आणि शिक्षा चुकीची वाटली तर वरती दाद मागता येत होती का? हा शेवटचा प्रश्न फळ्यावर आला तेव्हा तो गप्प मुलगा बोलला. “नव्हती मागता येत.” त्यावर दुसरी मुलगी म्हणाली, इंग्रजांच्या कोर्टात तरी गरिबाला कुठे येत होती? बराच वेळ हे चाललं. कोणी हरलं नाही. तासाच्या शेवटी मुलं इंग्रजांचं सरकार, औंधचं सरकार, प्रतिसरकार आणि आपलं आजचं सरकार या चौघांना तोच प्रश्न विचारत होती. दहावीच्या राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल आहे, लोकशाहीपुढची आव्हानं आहेत. तिथे न्यायालयाचं स्वातंत्र्य या दोन शब्दांवरून नजर फिरते आणि पुढे जाते. या वर्गातल्या मुलांची नजर तशी पुढे जाणार नाही, याची मला खात्री आहे.

हे पाहिल्यापासून मी पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाकडून एक शोध करून घेते. विषय आपल्या गावातला, छोटा, आणि असा की ज्याचं उत्तर पुस्तकात तयार सापडणार नाही. साताऱ्याच्या एका मुलीने लिंबची बारा मोटांची विहीर घेतली आणि पाणी कुठे जात होतं ते माग काढत गेली. विट्याकडचा एक मुलगा गलाई कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, केरळात, बंगालमध्ये गेलेल्या घरांची माहिती घेऊन आला. गावातली बंद घरं त्याने लहानपणापासून पाहिली होती, पण ती का बंद आहेत हे कधी विचारलं नव्हतं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर एकीने काम केलं. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकवणारी ती पेवं २००५ च्या पुरात कशी निकामी झाली, हे तिला एका म्हाताऱ्या हमालाने सांगितलं. मारुतीच्या देवळापुढच्या वीरगळीला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेला, शेंदूर फासलेला असतो. ती कुणाची, कोणत्या लढाईची, हे विचारत गेलेल्या मुलाला गावात चार माणसांकडून चार गोष्टी मिळाल्या आणि त्यातलं नक्की काय ते ठरवता आलं नाही. त्याने तसंच लिहिलं. मला त्याचं काम सगळ्यांत आवडलं.

पूर हा आमच्या शहराचा विषयच आहे. सांगलीतल्या मुलाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी पाढ्यासारखी पाठ असते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. पाणी चाळिशीकडे निघालं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडवरची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांवर गेली, २०२१ मध्ये पुन्हा ५० च्या पुढे. भूगोलाच्या पुस्तकात जलप्रणाली, पर्जन्यछाया, समोच्च रेषा हे सगळं आहे. पण समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) म्हणजे काय हे विचारलं की छात्राध्यापक व्याख्या सांगतात आणि टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, समोर ठेवली की नजर भिरभिरते. म्हणून मी त्यांना कागद घेऊन पेठेत पाठवते. गणपती पेठेत, हरभट रोडला, मारुती चौकात दुकानदारांना विचारा, २०१९ ला पाणी कुठवर होतं. भिंतीवर खूण दाखवतात. काहींनी तर रंग देतानाही ती पुसलेली नाही. सगळ्या खुणा नकाशावर मांडून एकमेकींना जोडल्या की एक रेघ तयार होते. ती जवळजवळ समोच्च रेषाच. नंतर ती व्याख्या कुणाला पाठ करावी लागत नाही.

पण मी त्यांना तिथे थांबू देत नाही. पाणी आलं कुठून? महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, कोयना धरणाचा साठा १०५ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा), कराडला कोयना कृष्णेला मिळते, हरिपूरला वारणा. खाली कर्नाटकात अलमट्टी. कुठल्या धरणातून कधी किती सोडायचं, हे कोण ठरवतं? सांगलीकरांना ते ऐकून कोण घेतं? १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटलं. पण ती वाटणी टंचाईच्या हिशेबातली, पुराचा हिशेब कुणी मांडायचा? आणि जतची एक मुलगी दर वर्षी हमखास म्हणते, “मॅडम, तुमच्याकडं पूर आणि आमच्याकडं टँकर, जिल्हा एकच.” २०१९ च्या पावसाळ्यात तसंच होतं. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी पूर्वेला कधी पोहोचलं, त्यासाठी किती वर्षं मोर्चे निघाले, आटपाडीला पाणी परिषदा का भरल्या, हे सांगताना ती मुलगी भूगोल पद्धतीची विद्यार्थिनी राहत नाही. ती तिथली नागरिक म्हणून बोलते. आणि आम्हाला तिला शिक्षक करायचं आहे ते याच आवाजासह.

राज्यशास्त्र शिकवायला मात्र सगळे कचरतात. कारण सोपं आहे. गावात गट असतात. शिक्षक कोणत्या गटाचा, हे मुलांच्या आधी पालक ठरवून मोकळे होतात. नव्या शिक्षकाला नोकरी टिकवायची असते, म्हणून तो प्रकरण वाचून दाखवतो आणि पुढे जातो. यावर माझा उपाय ग्रामसभा हा आहे. छात्राध्यापकाने आपल्या गावच्या एका ग्रामसभेला जाऊन शेवटपर्यंत बसायचं. विषयपत्रिका मिळाली का, किती माणसं आली, बायका किती, कुणी काय विचारलं, इतिवृत्तात काय लिहिलं गेलं. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली हे त्यांना पाठ असतं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, हेही. पण ग्रामसभेला त्यातले फार थोडे कधी गेलेले असतात. कवठेमहांकाळकडच्या एका सुनेने मला सांगितलं की ती गेली तेव्हा दारातच विचारलं, “वहिनी, काय काम होतं?” तिने सांगितलं, कॉलेजचं आहे, आणि आत जाऊन बसली. पुढच्या सभेला कॉलेजचं नसतानाही गेली.

एक विषय असा आहे की ज्याच्या तयारीवाचून मी कुणालाही शाळेत पाठवायला तयार नसते. आज मुलांपर्यंत इतिहास पुस्तकाआधी फोनवर पोहोचतो. महाराजांच्या नावाने, आणखी कुणाच्या नावाने, रंगीत चित्रावर चार ओळी, खाली ‘पुढे पाठवा’. मिरज हे माझ्या शहराचं जुळं शहर. तिथे सतारी घडवणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात रात्र रात्र गाणं चालतं. त्याच मिरजेने २००९ च्या गणेशोत्सवात इतिहासातल्या एका प्रसंगाच्या कमानीवरून दंगल पाहिली. आम्ही जिथे शिक्षक घडवतो तिथे हे घडलेलं आहे. तेव्हा मुलाने वर्गात फोनवरचा मजकूर वाचून दाखवला, तर नव्या शिक्षकाने त्याच्यावर ओरडू नये आणि ऐकून न ऐकल्यासारखंही करू नये. त्याच्याजवळ बसावं. हे कुणी लिहिलं? ते त्या काळातलं माणूस होतं की तीनशे वर्षांनंतरचं? त्याने हे कशावरून लिहिलं? हाच मजकूर आणखी कुठे मिळतो का? नववीच्या इतिहासाचं पहिलंच प्रकरण इतिहासाच्या साधनांचं आहे, दहावीला इतिहासलेखनाच्या परंपरा आहेत. ही प्रकरणं अवघड आणि कंटाळवाणी म्हणून भराभर उरकली जातात. माझ्या मते आजच्या मुलासाठी पुस्तकातली सगळ्यांत गरजेची पानं तीच.

महाराजांबद्दल मुलाला जे वाटतं ते खरं असतं, खोल असतं. त्या भावनेला धक्का लावून काही मिळत नाही. ज्याच्यावर इतकं प्रेम आहे त्याच्याबद्दल खोटं पसरू नये, असं त्या मुलालाच वाटायला लागलं पाहिजे. माझ्या एका विद्यार्थ्याने हे वाक्य जवळजवळ असंच वर्गात म्हटलं, आणि आठवीतल्या पोराने तो मजकूर स्वतःहून पुसला.

साधनांची सवय लावायला लांब जावं लागत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर हे उत्तम साधन आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे, भिवा रामजी आंबेडकर. त्या दिवसाची आठवण म्हणून राज्यात आता विद्यार्थी दिन पाळतात. ती नोंद सांगून मी विचारते, एवढ्या एका ओळीतून काय काय कळतं आणि काय मुळीच कळत नाही? तो मुलगा कुठे बसत होता, पाणी कसं पीत होता, हे रजिस्टर सांगत नाही. त्यासाठी दुसरी साधनं लागतात. मग प्रत्येक जण आंतरवासितेच्या, म्हणजे सरावासाठी मिळालेल्या, शाळेतलं जुनं रजिस्टर, नावं झाकून, बघतो. शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण. मुलींच्या नावापुढचे हे दोन रकाने वाचत गेलं की गावाचा पन्नास वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे येतो. एकीला त्यात आपल्या आत्याची नोंद सापडली.

अडचणी नाहीत असं नाही. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, आंतरवासिता लांबली, हे चांगलंच झालं. पण शाळेत गेलेला छात्राध्यापक बरेचदा रजेवरच्या शिक्षकांचे तास भरत असतो. ‘पोर्शन’ पुरा करायची घाई सगळ्यांनाच. बाहेर पडल्यावर टीईटी, टेट या परीक्षा, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, आणि मधली वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशावर. तेवढ्या पैशात एसटीचा पास आणि घरचं भागवताना कुंडलचे जुने नकाशे शोधायला कुणाला उसंत मिळते, हा प्रश्न मला छळतो. शिक्षकाने उत्साही असावं असं सांगणाऱ्यांनी त्याच्या पगाराचंही बोललं पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. खेड्यातल्या शाळेला खेड्यातून आलेला, घडवलेला शिक्षक लागतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. त्यांच्या मुलखात हा शिक्षक आज नोकरीची वाट बघत बसला आहे.

या वर्षासाठी माझी एक साधी मागणी आहे, आणि ती सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या मुख्याध्यापकांकडे आहे. दहावीच्या भूगोलाचं पहिलं प्रकरण क्षेत्रभेट आहे. बहुतेक शाळांत ती डिसेंबरच्या सहलीला जोडली जाते. कोकणात बस जाते, मुलं मजा करतात, अहवाल पुस्तकातून उतरवला जातो. सहल जरूर काढा. पण क्षेत्रभेट वेगळी ठेवा आणि ती आपल्याच गावात करा. आमचे छात्राध्यापक तयारी करून येतील, नकाशा आणतील, प्रश्न आणतील, मुलांचे गट पाडतील. तुमच्याकडून एक शनिवार सकाळ हवी, जुन्या रजिस्टरच्या कपाटाची किल्ली हवी, आणि ग्रामसेवकांना एक फोन. त्या दिवशी तुमच्या शिक्षकांपैकी कुणी बरोबर आलं तर फारच चांगलं. आणि त्या सकाळी मुलांनी विचारलेले, उत्तर न मिळालेले प्रश्न एका कागदावर लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या तुकडीला शोधासाठी मी तेच देणार आहे.